एप्रिलनंतर ऑक्टोबर कसा आला? आपल्या आलेखांचा क्रम आपणच ठरवूया



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सोसायटीच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच भिंतीवर प्रोजेक्टर लावून हिशेब दाखवला. ऑफिसातल्या मुलाने रात्री जागून तो चार्ट केला होता. वर्षभराची मासळी बारा उभ्या खांबांत. एका खांबावर क्लिक केलं की त्या महिन्याची मासळी जातवार उघडायची: बांगडे किती, तारले किती, सुंगटं किती. त्यातल्या बांगड्यावर क्लिक केलं की कुठल्या बोटीने किती आणले ते दिसायचं. असा थरामागून थर उघडत जाणारा आलेख, त्याला ड्रिल-डाउन म्हणतात. बोटीच्या खणाचं झाकण उघडावं, आत क्रेट दिसावे, क्रेटात मासळी दिसावी, तसंच हे. सगळ्यांना आवडलं. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत बसलेले एक जुने तांडेल मात्र डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा, एप्रिलच्या मागोमाग ऑक्टोबर कसा आला? मधले महिने काय दर्यात बुडाले?"

हॉलमध्ये हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी जाऊन तो चार्ट मोबाईलवर परत उघडून बघितला, तेव्हा हसू जिरलं. खांब ह्या क्रमाने उभे होते: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर. संगणकाने महिन्यांची नावं शब्दकोशासारखी अक्षरांच्या क्रमाने लावली होती. त्याला ऑगस्ट म्हणजे काय ठाऊक? त्याला फक्त 'ऑ' कळतो आणि तो 'ज'च्या आधी येतो एवढं कळतं.

आकडा एकही चुकीचा नव्हता. तरी त्या चार्टमुळे आम्ही चुकीचा निर्णय घेणार होतो. सभेआधी कमिटीच्या बैठकीत हाच चार्ट बघून आमच्यातल्याच एकाने म्हटलं होतं, "ऑगस्टनंतर मासळी एकदम उतरते, तर बर्फाची जास्तीची मागणी ऑगस्टपुरतीच ठेवू." ऑगस्टच्या शेजारी जानेवारीचा खांब उभा होता, म्हणून त्यांना उतार दिसला. सप्टेंबर पार उजव्या टोकाला जाऊन बसला होता आणि ऑक्टोबर ऑगस्टच्याही आधी. हंगामाचे तीन महिने तीन ठिकाणी विखुरलेले. बर्फाच्या कारखान्याला त्या हिशेबाने कळवलं असतं तर सप्टेंबरात भरलेली बोट जेटीला लागल्यावर आपण काय केलं असतं?

म्हणून आम्ही हे लिहितोय. चार्टमध्ये नावं कुठल्या क्रमाने लागावीत हा प्रश्न संगणकाचा नाही, आणि एकट्या हिशेबनीसाचाही नाही. तो सोसायटीचा आहे. तो सभेत ठरला पाहिजे, आणि वरच्या थरासाठी एकदा ठरवून भागत नाही, आत उतरल्यावर प्रत्येक थराला ठरला पाहिजे.

आपलं वर्ष कुठे सुरू होतं?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. १ ऑगस्टला बोटी सुटतात. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला देऊन मगच जाळं टाकणारीही घरं आहेत. म्हणजे आपलं वर्ष ऑगस्टला सुरू होतं आणि मेअखेरीस बोट वर ओढली की संपतं. खलाश्यांचा करार तसा, डिझेलची उधारी तशी, जाळ्यांची खरेदीही तशीच. पोरांच्या फीसुद्धा आपण ह्याच हिशेबाने भरतो.

कॅलेंडर मात्र जानेवारीला सुरू होतं, आणि बँकेचं, ऑडिटचं वर्ष १ एप्रिलला. आता आर्थिक वर्षाचा चार्ट नीट महिन्यांच्या क्रमाने लावला तरी काय होतं बघा. २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षात एप्रिल आणि मे २०२३ येतात. ते मागच्या हंगामाचं शेपूट. मग जून-जुलै बंदी. मग ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२४, ते नव्या हंगामाचं धड. ह्याचं शेपूट पुढच्या आर्थिक वर्षात. म्हणजे एका चार्टात दोन हंगाम अर्धेमुर्धे शिवलेले असतात आणि पूर्ण हंगाम एकही दिसत नाही. एका वर्षी मासळी चांगली आणि दुसऱ्या वर्षी वाईट गेली, तर दोन्हींची सरासरी होऊन दोन्ही वर्षं मध्यम दिसतात.

ऑडिटसाठी एप्रिल-मार्च ठेवावंच लागेल, त्यात वाद नाही. पण आपल्याला निर्णय घ्यायचे असतात तेव्हा चार्ट ऑगस्टपासून सुरू व्हायला हवा.

हे नुसतं दिसण्याचं नाही, खिशाचं आहे. आमच्यातल्या काही बोटमालकांनी इंजिनच्या कर्जाचे हप्ते बारा महिन्यांऐवजी हंगामाच्या दहा महिन्यांत बसवून मागितले होते. माफी नको, व्याजात सूट नको, रक्कम तेवढीच, फक्त जून-जुलैत हप्ता नको. बँकेतल्या साहेबांनी चार्ट बघितला. एप्रिल, मे बरे, मग दोन महिने शून्य, मग परत वर. ते म्हणाले, "तुमचं उत्पन्न वर्षाच्या मध्येच बंद पडतं, हे जोखमीचं दिसतंय." त्यांच्या दृष्टीने ते खरं बोलत होते. त्यांच्या चार्टात ते भोक मध्येच होतं.

आम्ही तोच चार्ट, तेच आकडे, ऑगस्टपासून मेपर्यंत लावून परत नेला. शेवटी उजवीकडे जून आणि जुलै, खाली लिहिलं 'सरकारी बंदी'. त्यांना दिसलं की दहा महिने काम आहे आणि मग ठरलेली विश्रांती आहे, जी दरवर्षी त्याच तारखेला येते आणि त्याच तारखेला संपते. हप्त्यांचा निर्णय अजून व्हायचाय, आम्ही उगाच फुशारकी मारत नाही. पण साहेबांचा प्रश्न बदलला. आधी विचारत होते, "पैसे बंद का पडतात?" आता विचारतात, "मेअखेर किती शिल्लक ठेवू शकाल?" हा प्रश्न बरोबर आहे. त्याला आपण उत्तर देऊ शकतो.

जून-जुलै पुसू नका

इथे एक गोष्ट आमच्याही ध्यानात उशिरा आली. चार्ट करणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा रिकामा खांब दाखवतच नाही. ज्या नावापुढे आकडा नाही ते नाव गळून पडतं. मग मेच्या शेजारी थेट ऑगस्ट येऊन चिकटतो, बंदी जणू नव्हतीच. आतल्या थरात हे जास्त फसवतं. एखादी बोट नोव्हेंबरात दुरुस्तीला वर होती, तर तिच्या चार्टात ऑक्टोबरच्या शेजारी डिसेंबर दिसतो. बघणाऱ्याला वाटतं धंदा सुरळीत चाललाय. महिनाभर चूल कशी पेटली ते त्या घराला विचारा.

आणि जून-जुलै सगळ्यांसाठी रिकामे नसतात. बिगरमोटरच्या पारंपरिक होड्यांना केंद्राच्या ह्या बंदीतून सूट आहे. पावसात नदीच्या तोंडाशी, खाडीत जो बिचारा होडी घालतो त्याची चार-पाच किलो मासळी ट्रॉलरच्या आकड्यांपुढे दिसतही नाही. बंदी आहे म्हणून आपण ते दोन महिने चार्टातून काढून टाकले, तर त्या माणसाची कमाईच नाहीशी केली. उद्या पावसाळ्यातल्या मासेमारीबद्दल सरकारला काही सांगायची वेळ आली तर आपल्याच कागदावर त्याचं नाव नसेल. म्हणून बाराही महिने दिसले पाहिजेत. रिकामा असेल तर रिकामा दिसू दे. रिकामी जागा हीसुद्धा माहितीच आहे.

आत उतरलं की क्रम बदलतो, तिथेच डोळे फसतात

वरचा थर सुधारला. आता ऑगस्टवर क्लिक करा. आत जाती उघडतात, आणि सॉफ्टवेअर त्या आपोआप मोठ्यापासून लहानापर्यंत लावतं. ऑगस्टात समजा सुंगटं पहिली, बांगडे दुसरे, तारले तिसरे. मागे येऊन ऑक्टोबरवर क्लिक केलं तर बांगडे पहिले, तारले दुसरे, सुंगटं पाचवी. आपण मोबाईलच्या छोट्या पडद्यावर बघतोय, नावं बारीक अक्षरात. डोळा जागा लक्षात ठेवतो, नाव नाही. पहिला खांब उंच आहे, मागच्या वेळीही पहिला उंच होता, म्हणजे सुंगटं चांगलीच चाललीत, असं वाटून माणूस पुढे जातो. प्रत्यक्षात तो दोन वेगळ्या जातींची तुलना करून बसलेला असतो.

म्हणून जातींचा एक क्रम ठरवा आणि तो बाराही महिन्यांत तोच ठेवा. घरात मिठाचा डबा रोज वेगळ्या जागी ठेवला तर आमटीत साखर पडायची. आम्हाला वाटतं आपल्या जेटीवर ज्या पद्धतीने मासळी बोलली जाते तोच क्रम बरा: आधी थव्याची मासळी, बांगडे, तारले, वेर्ल्या, मग मोठी, इसवण, पापलेट, मोरी, मग सुंगटं, माणके, कुर्ल्या. कोणाला वेगळा क्रम हवा असेल तर तसा ठरवू. कुठला ठरवतो ह्यापेक्षा एक ठरवून पाळतो हे महत्त्वाचं.

सुंगटांच्या आतल्या थरात आणखी गंमत आहे. तिथे भाव काउंटवर असतो, म्हणजे एका किलोत किती नग बसतात त्यावर. आकडा लहान तेवढं सुंगट मोठं आणि भाव जास्त. आता संगणक हे काउंट अक्षरं समजून लावतो तेव्हा १००-१२० पहिलं येतं, मग २०-३०, मग ३०-४०, मग ६०-८०. का? कारण तो पहिलं चिन्ह बघतो आणि १ हा २ च्या आधी येतो. म्हणजे सगळ्यात बारीक माल आणि सगळ्यात मोठा माल एकमेकांच्या शेजारी. भाव कुठे चढतो, कुठे पडतो, काही कळत नाही. तेच काउंट २०-३० पासून १००-१२० पर्यंत रांगेत लावले की हंगाम सरकतो तसा माल बारीक होतोय की नाही हे एका नजरेत दिसतं. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडायच्या माशाचं किमान आकारमान ठरवून दिलं. असे नियम आपल्या दारात येतात तेव्हा "आमच्याकडे बारीक माल केव्हा आणि किती येतो" ह्याचं उत्तर आपल्याकडे तयार हवं. ते उत्तर क्रमात दडलेलं आहे.

किनाऱ्याचा क्रम, चंद्राचा क्रम

तालुकावार चार्ट लावला तर संगणकाचा क्रम असा: काणकोण, केपे, तिसवाडी, पेडणे, बार्देश, मुरगाव, सासष्टी. आता दर्यात होडी घालणारा कोण असा प्रवास करतो? उत्तरेकडून खाली आलं तर पेडणे, बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी, केपे, काणकोण. आपल्या गोव्याचा किनारा साधारण १०५ किलोमीटर. मासळीचे थवे, वारा, वादळ, तेलाचे गोळे, सगळं ह्या किनाऱ्याच्या कडेने सरकतं, अक्षरांच्या क्रमाने नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ दक्षिणेकडून आपल्या किनाऱ्याच्या कडेने वर गेलं. अशा वेळी कुठल्या जेटीचं काम कुठल्या दिवशी थांबलं हे किनाऱ्याच्या क्रमाने लावलं तर वादळाची वाट चार्टवर उमटायला हवी. अक्षरांच्या क्रमात ती पेडणे आणि बार्देशच्या मध्ये कुठेतरी हरवते.

महिन्याच्या आत उतरलं की सॉफ्टवेअर आठवडे दाखवतं. आठवड्याचं आपल्याला काय? आपण तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पाण्याची ओढ त्यावर, जाळं टाकायचं की नाही ते त्यावर. आम्ही एका महिन्याची मासळी तिथीवार लावून बघितली. पहिल्यांदा संगणकाने अमावास्या आणि अष्टमी शेजारी बसवल्या, कारण दोन्ही 'अ'. उधाण आणि भांग एका बाकावर!

प्रतिपदेपासून क्रम द्यायला गेलो तर दुसरी अडचण. अष्टमी महिन्यात दोनदा येते. एका नावाला दोन क्रमांक देता येत नाहीत, सॉफ्टवेअर अडून बसतं. मग 'शुद्ध अष्टमी' आणि 'वद्य अष्टमी' अशी दोन वेगळी नावं केली, सगळ्या तिथींची तशीच. तेव्हा कुठे चार्ट सरळ झाला. तांडेल लोक जे तोंडाने सांगत आले ते पोरांना पडद्यावर दाखवायचं असेल तर हाच मार्ग. नाहीतर पोरं म्हणणार, चार्टात तर काही दिसत नाही, तुमचं सगळं ऐकीव.

बोटींची यादी आणि लहान माणूस

आता सगळ्यात नाजूक थर, बोटींचा. त्या दिवशी सभेत बांगड्यावर क्लिक केलं तेव्हा बोटी उत्पन्नाच्या क्रमाने लागल्या. वर पर्ससीनवाले, मग ट्रॉलर, आणि तळाला, पडदा खाली सरकवला तरच दिसतील अशा, होड्या आणि रापणकार. कोणी मुद्दाम केलं नाही. पण रापणीवर ज्याची तीन पिढ्या हयात गेली त्याने आपलं नाव शेवटी बघितलं आणि सभेतून उठून गेला. आम्हाला ते लागलं.

लांबलचक पर्ससीन जाळ्याची आणि हाताने वल्हवायच्या होडीची एकाच रांगेत तुलना करण्यात अर्थ नाही. डिझेल वेगळं, माणसं वेगळी, कर्ज वेगळं. बोटींच्या थराच्या आधी एक थर 'प्रकार' म्हणून घाला: बिगरमोटर होडी, मोटरवाली होडी, रापण, ट्रॉलर, पर्ससीन. लहानापासून मोठ्याकडे. मग आत बोटी. तिथे मोठ्यापासून लहानापर्यंत लावल्या तरी चालेल, कारण आता सारख्याची सारख्याशी तुलना आहे. होडीवाल्याला बघता येईल की आपल्यासारख्या दुसऱ्या होडीला जास्त का मिळालं. त्यातून तो काही शिकेल. पर्ससीनच्या खाली नाव बघून तो फक्त खजील होणार.

आणि तो 'इतर' नावाचा खांब. आमच्या चार्टात 'इतर' चक्क तिसऱ्या नंबरवर होता. उघडून बघितलं तर आत काय? तिसऱ्यो, खुबे, खाडीतली सुंगटं, सुकी मासळी. म्हणजे बरीचशी आपल्या बायांची मेहनत. ज्यांच्या जिवावर घर चालतं त्यांचा माल 'इतर'! आमचं म्हणणं, 'इतर' नेहमी सगळ्यात शेवटी ठेवा, मग आकडा कितीही असो. आणि तो नाव असलेल्या खांबांएवढा मोठा होऊ लागला तर समजा की आत कोणाचं तरी नाव द्यायचं राहिलंय. त्याला बाहेर काढून नाव द्या.

मोठ्यापासून लहान कुठे बरोबर?

काही जण म्हणतील, एवढा घोळ कशाला, सरळ मोठा आकडा आधी लावा. काही ठिकाणी ते बरोबरच आहे. खर्चाच्या चार्टात डिझेल, बर्फ, मजुरी, जाळी, दुरुस्ती ह्यांना स्वतःचा असा काही क्रम नाही. तिथे मोठा खर्च आधी दिसला तर कुठे कात्री लावायची ते कळतं. सभासदांच्या यादीत नाव शोधायचं असतं, तिथे अक्षरांचा क्रम बरोबर.

आमचा साधा नियम असा. ज्या गोष्टीला जगात स्वतःचा क्रम आहे, म्हणजे महिने, तिथी, काउंट, किनारा, बोटीचा आकार, तिथे तोच क्रम. ज्याला नाही तिथे मोठ्यापासून लहान. नाव शोधायचं असेल तर अक्षरं. आणि 'इतर' शेवटी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एक सभासद म्हणाले, "क्रम बदलून तुम्ही हवं ते दाखवाल. आज ऑगस्टपासून, उद्या तुमच्या सोयीने नोव्हेंबरपासून." खरं आहे. आम्ही बँकेत तेच केलं, आकडे तेच ठेवून चित्र बदललं. जे आपण चांगल्यासाठी केलं ते कोणी वाईटासाठीही करू शकतो. म्हणूनच क्रम आधी ठरवा, आकडे यायच्या आधी. सभेत ठरवा, इतिवृत्तात लिहा, आणि बदलायचा तर परत सभेत आणा. क्रम ठरवलाच नाही म्हणजे चार्ट निष्पक्ष राहिला असं होत नाही. तेव्हा तो संगणक ठरवतो, नाहीतर ज्याच्या हातात माऊस आहे तो.

काम किती आहे? एका संध्याकाळचं

ऑफिसात बसणाऱ्यांसाठी थोडक्यात. एक्सेलमध्ये 'कस्टम लिस्ट' म्हणून सोय आहे, ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डच्या आत. तिथे ऑगस्ट, सप्टेंबर अशी यादी एकदा भरली की त्याच क्रमाने लावता येतं. पण ती यादी ज्या संगणकावर भरली तिथली. फाइल दुसरीकडे उघडून नवा चार्ट केला तर भरवसा नाही. म्हणून आमचा कल दुसऱ्या उपायाकडे: नावाच्या शेजारी क्रमांकाचा एक वेगळा रकाना फाइलमध्येच ठेवा. ऑगस्ट १, सप्टेंबर २, करत जुलै १२. पॉवर बीआयमध्ये 'सॉर्ट बाय कॉलम' करून नावाला त्या क्रमांकाशी बांधता येतं. प्रत्येक थराला असा वेगळा रकाना लागेल: महिन्याला, जातीला, काउंटला, प्रकाराला. वरच्याला बांधलं म्हणून आतलं आपोआप होत नाही. सॉफ्टवेअरचं जमतच नसेल तर गावठी उपाय, नावातच आकडा घाला: '०१ ऑगस्ट', '०२ सप्टेंबर'. शून्य विसरू नका, नाहीतर १ च्या मागे १०, ११, १२ येतील आणि २ त्यांच्याही मागे.

चार्ट बनला की मोबाईलवर उघडून प्रत्येक थरात एकदा उतरून बघा. पुष्कळ चुका तिथेच सापडतात.

आमचा प्रस्ताव

येत्या सभेत एक छोटी 'क्रमाची वही' मंजूर करून घ्यावी. चार पानंसुद्धा लागणार नाहीत. महिने ऑगस्ट ते जुलै, बाराही दिसणारे. जातींचा एकच क्रम. काउंट मोठ्या मालाकडून बारीक मालाकडे. तालुके पेडण्यापासून काणकोणपर्यंत. बोटी प्रकारवार, मग आत. 'इतर' शेवटी. ऑडिटसाठी एप्रिल-मार्चचा वेगळा चार्ट, त्यावर ठळक लिहिलेलं की ह्यात दोन हंगाम मिसळलेत.

जातींचा क्रम ठरवायला बायांनाही बोलवा. मासळी विकताना पाटीत काय वर आणि काय खाली ठेवायचं हे त्यांच्याएवढं कोणाला कळतं? आणि त्या जुन्या तांडेलांना पुढच्या रांगेत बसवा. त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर आम्ही अजून एप्रिलच्या शेजारी ऑक्टोबर ठेवून बर्फ मागवत बसलो असतो.

काही सुचवायचं असेल तर ऑफिसात सांगा, नाहीतर संध्याकाळी जेटीवर गाठा. आम्ही तिथेच असतो.

दर्या राखो सगळ्यांना.